जमवताईच्या चार वह्या

आमच्या धंद्यात जमवताईला ओळखत नाही असा माणूस म्हणजे कालच आलेला. तिचं खरं नाव नियुक्तीपत्रांवर असायचं, पण हाक मारायला हेच. दिग्दर्शकाने म्हणावं, मला अशी गच्ची हवी की जिथून फक्त पाण्याच्या टाक्या दिसतील, ताई म्हणायची, "जमवते." कॅमेरामन म्हणायचा, या खोलीची भिंत हिरवी करून द्या, घरमालक बाई ऐकत नाहीत, ताई म्हणायची, "जमवते." आणि दुसऱ्या दिवशी घरमालक बाई स्वतः ब्रश घेऊन शिडीवर.

मी ध्वनिमुद्रक. ताई मला कानसेन म्हणायची. बावीस वर्षांत आम्ही अकरा चित्रपट आणि कितीतरी माहितीपट एकत्र केले. एकदा चित्रीकरणाच्या घराशेजारी एक लेथचा कारखाना होता. त्याच्या घरघरीत मला नटाचा शब्द ऐकू येईना. ताई उठली, दहा मिनिटांत परत आली. लेथ बंद आणि कारखानदार आमच्यासाठी खुर्च्या उचलून आणतोय. मी विचारलं, "काय सांगितलंस त्याला?" तर म्हणाली, "काही नाही रे, त्याच्या गुडघ्याची चौकशी केली."

एवढं असून तिची एक सल होती. ती निर्मिती करते म्हटलं की लोक विचारायचे, म्हणजे पैसे तुम्ही घालता का? नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, मग तुम्ही करता काय? याचं धड उत्तर तिला कधी देता आलं नाही. शिकवणारं कुणी नव्हतं, लिहून ठेवलेलं काही नव्हतं. जे होतं ते हातात आणि जिभेवर.

तिची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला अक्काच म्हणायचो, ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेली. दोघी एकत्र राहायच्या. अक्कानेच विद्यापीठाची जाहिरात कापून तिच्या ताटाशेजारी ठेवली. पडद्यासाठीच्या निर्मितीत प्रत्यक्ष कामातून संशोधन, पदव्युत्तर पदवी. म्हणजे असं, की आपण एक चित्रपट तयार करायचा आणि तो कसा तयार झाला याचा प्रबंध लिहायचा. दोन्ही मिळून परीक्षण. काम हीच प्रयोगशाळा. ताई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती.

मुलाखतीत तिला विचारलं, तुमचा संशोधनप्रश्न काय? बाकीचे उमेदवार दोन-दोन पानांचे प्रश्न घेऊन आले होते. ताई म्हणाली, "आधी नाही म्हणणारी माणसं शेवटी हो का म्हणतात, हे मला समजून घ्यायचंय." समोरच्या एक बाई, ज्या नंतर तिच्या मार्गदर्शक झाल्या, खुर्चीत पुढे सरकून बसल्या. पुढे त्याच प्रश्नाला भारदस्त कपडे चढले, 'निर्मात्याचे अदृश्य श्रम आणि संमतीची प्रक्रिया' असं काहीसं. ताईने ते शीर्षक मला फोनवर वाचून दाखवलं आणि म्हणाली, "म्हणजे मी जे करते तेच, फक्त इस्त्री केलेलं."

तिची पद्धत साधी होती. रोज संध्याकाळी दिवसभराची नोंद करायची. मार्गदर्शक बाईंनी एकच अट घातली होती: घडलं ते लिहा, सोयीचं ते नको. या वह्या प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडायच्या होत्या. ताईने कापडी पुठ्ठ्याच्या चार वह्या आणल्या आणि तिच्या बारीक, उभ्या अक्षरात लिहायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या कामाला कुणीतरी ज्ञान म्हणत होतं. त्या वर्षी ती दहा वर्षांनी लहान दिसायची, हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही.

चित्रपटाचा विषय दिग्दर्शकाने आणला. तो आमच्यापेक्षा वयाने लहान, हुशार, जरा हट्टी. एका जुन्या बातमीवरून त्याने माणूस शोधला होता. एकोणीस वर्षांपूर्वी घाटरस्त्यावर एक बस उलटली होती. कारखान्याची पाळी संपवून घरी निघालेले कामगार. अकरा जण गेले. चालक वाचला. कोर्टाने ब्रेक निकामी झाल्याचं मान्य करून त्याला निर्दोष सोडलं. बायको आधीच वारलेली. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन तो आमच्या शहरात आला. पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर एका गाळ्यात शिलाई मशीन दुरुस्त करायला लागला. आजूबाजूचे त्याला मशीनवाले काका म्हणायचे. तो आधी कोण होता हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. मुलगी आता अठ्ठावीस वर्षांची, एका रुग्णालयात परिचारिका.

ताई पहिल्यांदा गेली तेव्हा काकांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "मला यातलं काही बोलायचं नाही. तुम्ही पुन्हा येऊ नका." ताई पुन्हा गेली. पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी ती अक्काचं जुनं शिलाई मशीन रिक्षात घालून दुरुस्तीला घेऊन गेली आणि चित्रपटाचं अवाक्षर काढलं नाही. काकांनी पट्टा बदलला, तेलपाणी केलं, चहा मागवला. चौथ्या वेळी ती मशीन न्यायला गेली आणि तासभर बसली. सहाव्या भेटीत काका म्हणाले, "बोलतो. पण पाठमोरा." आठव्या भेटीत चेहरा दाखवायलाही तयार झाले.

मला हे सगळं तेव्हा नेहमीसारखंच वाटलं. ताईने जमवलं, एवढंच.

चित्रीकरण गाळ्यातच झालं, दुपारी, रस्ता जरा शांत असताना. मी कोपऱ्यात उघड्या पडलेल्या मशीनच्या सांगाड्यांमध्ये बसलो होतो. काकांनी अपघाताची हकिकत सांगितली, कोर्टात सांगितली असेल तशी, जशी पाठ असते तशी. मग ते थांबले. माझ्या हेडफोनमध्ये त्यांचा श्वास येत होता, आणि हातातल्या तेलाच्या डबीचं बूड दाबल्याचा टक-टक आवाज. दिग्दर्शकाने काही विचारलं नाही. तोही धंद्यातला, कधी गप्प बसायचं हे त्याला कळत होतं.

काका म्हणाले, "ब्रेक नरम लागत होता. निघायच्या आधीच मला कळलं होतं. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आजचा दिवस काढ, उद्या बघू. आणि गाडी ठीक आहे म्हणून मी कागदावर सही केली. हे मी कोर्टात सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही."

कॅमेरा बंद झाल्यावर ताईने त्यांना पाणी दिलं. त्यांनी विचारलं, "हे माझ्या मुलीला कळेल का?"

ताई म्हणाली, "आधी तुम्ही तिला सांगा. मगच आम्ही कुठे दाखवू. आम्हाला घाई नाही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. आणि ती ते मनापासून म्हणाली होती, हेही सांगतो.

पाच महिन्यांनी कच्चं संकलन तयार झालं. विद्यापीठाच्या विभागाचा वार्षिक कार्यक्रम होता. प्रत्येक संशोधकाच्या कामातला दोन मिनिटांचा तुकडा विभागाच्या संकेतस्थळावर टाकायचा होता. कोणता तुकडा टाकायचा हे निर्मात्याने ठरवायचं. ताईने काकांना फोन लावला. विचारलं, "काका, बोललात का मुलीशी?" काका म्हणाले, "हो, बोलतो."

ताईने 'हो' ऐकलं. नंतर हाच फोन तिने मला इतक्या वेळा सांगितला की मला तो तोंडपाठ झाला. बोलतो, म्हणजे अजून बोललो नाही. बोलेन. माझ्यासारख्या कानसेनाला हे लगेच कळलं असतं असं ती म्हणायची. मला कळलं असतं का, देव जाणे. तुकडा नरम ब्रेकचाच निवडला होता. चित्रपटात त्याहून सरस दोन मिनिटं नव्हतीच.

मुलीने तो पाहिला रुग्णालयात, परिचारिकांच्या खोलीत, सोबतच्या एकीच्या मोबाइलवर. ती सोबतीण सहज म्हणाली होती, "अगं, हे तुझे बाबा ना?"

तिने त्याच दिवशी ताईला फोन केला. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मॅडम, ते आधी काढून टाका. बाकीचं नंतर बोलू." ताईने तासाभरात तुकडा काढायला लावला. पण तोपर्यंत तो तिथून उचलून इतरांनी आपापल्या पानांवर टाकला होता, वर मथळे देऊन. दोन दिवसांत इमारतीत सगळ्यांना कळलं. कुणी काही बोललं नाही. फक्त दुरुस्तीला दिलेली मशीन लोक परत न्यायला लागले, काही तर उघडलेली, तशीच पिशवीत सुटे भाग घालून.

आठवड्याभरात एक म्हातारे गृहस्थ लांबून प्रवास करून आले. त्यांचा मुलगा त्या अकरांत होता. ते गाळ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" काका हो म्हणाले. म्हातारे आले तसे निघून गेले. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं काका मुलीला म्हणाले. त्यानंतर त्यांनी गाळ्याचं शटर ओढलं ते ओढलंच.

ताई तीनदा त्यांच्या घरी गेली. तिन्ही वेळा मुलीने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली. आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले काका ताईला दिसायचे. तिसऱ्या वेळी मुलगी म्हणाली, "ते जेवत नाहीत. तुम्ही आलात की पाणीही पीत नाहीत. येऊ नका." हे 'येऊ नका' ताईने ऐकलं. ती परत गेली नाही.

तिसऱ्या महिन्यात काका गेले. ज्या रुग्णालयात मुलगी काम करायची तिथेच, तिच्याच मजल्यावर. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं.

पुढे दहा-बारा दिवसांनी मुलीचा ताईला निरोप आला. चित्रपट करताना तुम्ही रोज लिहायचात असं बाबा म्हणाले होते, ते मला वाचायचंय. मार्गदर्शक बाईंनी ताईला सांगितलं, देऊ नका, वह्या संशोधनसामग्री आहेत, आधी समितीला विचारू. ताईने कुणालाही विचारलं नाही. चारही वह्या पिशवीत घातल्या आणि मला म्हणाली, "कानसेन, चल. एकटीने जमणार नाही."

रुग्णालयाच्या उपाहारगृहात बसलो. दुपारची वेळ, शेजारच्या टेबलावर वॉर्डबॉय जेवत होते. मुलगी गणवेशातच आली, बसली आणि पहिल्या वहीपासून वाचायला लागली. पानं चाळली नाहीत, वाचली. चाळीसेक मिनिटं आम्ही दोघं नुसते बसून होतो. दुसऱ्या वहीत ती एके ठिकाणी थांबली.

"हे काय आहे?" तिने वही ताईकडे फिरवली.

ताईने ती ओळ पाहिली.

मुलीने स्वतःच वाचलं. "'अक्काचं मशीन ठीक होतं. मी पट्टा सैल केला आणि बॉबिनची केस काढून ठेवली. काम दिलं की माणूस मोकळा होतो.' तुम्ही ते मुद्दाम बिघडवलं होतं?"

"हो," ताई म्हणाली.

मलाही हे माहीत नव्हतं.

"आणि हे. 'आज मी माझ्या वडिलांबद्दल बोलले. थोडं रडू आलं, ते थांबवलं नाही. काका हलले. आज जमलं.'" मुलीने पानावरून नजर उचलली. "तुमचं रडू खरं होतं का?"

ताई म्हणाली, "खरं होतं. आणि त्याचा उपयोग होतोय हेही मला रडताना कळत होतं."

मुलगी पुढे वाचत राहिली. शेवटच्या वहीत तो फोन होता. 'काका हो म्हणाले. तुकडा पाठवला.' एवढीच ओळ. ती तिने दोनदा वाचली, वही मिटली आणि चारही वह्या नीट एकावर एक ठेवल्या.

"तुम्ही बाबांना फसवलंत असं मला म्हणता आलं असतं तर मी तक्रार केली असती," ती म्हणाली. "पण त्यांनी संमतीपत्रावर सही केलीय, तुम्ही सगळं समजावून सांगितलंय, सगळं तारखेनिशी आहे. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, मॅडम. त्यांनी मला सांगितलंही असतं. आज ना उद्या. एकोणीस वर्षं ते त्या सांगण्याजवळ जात होते. तुम्ही एका महिन्यात पोचलात."

ती पाळीवर निघून गेली. ताईने विचारलं, "तिचा चहा तसाच राहिला का रे?" मी म्हटलं, हो. तिने तो थंड चहा उचलला, मोरीपाशी नेऊन ओतला आणि कप विसळून ठेवला. उपाहारगृहातला माणूस बघतच राहिला.

मार्गदर्शक बाई वाईट नव्हत्या. हे मला आवर्जून सांगायचंय, कारण पुढे जे झालं त्यात कुणी खलनायक नाही. ताईने त्यांना जाऊन सांगितलं की चित्रपट आणि प्रबंध दोन्ही मागे घेते. बाईंनी तिला पाणी दिलं, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "घाई करू नका. तुमच्यावर काय गुजरलं असेल ते मी समजू शकते. पण एक सांगू? तुमचं खरं संशोधन आता सुरू झालंय. संमती कशी मिळते हे तुम्ही लिहिलंत. ती मिळाल्यावर काय होतं हा प्रकरणाचा पुढचा भाग आहे. इतकं प्रामाणिक काम या विषयात आजवर मी पाहिलेलं नाही."

ताईने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती, आणि ते हसू मला सहन होईना. म्हणाली, "बघ, माणूस मेल्यामुळे माझा प्रबंध सुधारला."

तिने एका पानाचं पत्र लिहिलं. नियम स्पष्ट होता: चित्रपट नाही तर पदवी नाही. तीन वर्षांचा अभ्यास शून्यावर आला. अक्काने टंकलेखन केलेली दोनशे चाळीस पानं एका खोक्यात गेली. अक्का एवढंच म्हणाली, "जाहिरात मी कापली होती." त्यावर ताईने तिला जवळ घेतलं का, धीर दिला का, मला ठाऊक नाही. मला वाटतं, नाही दिला. तेवढं तिच्यात उरलं नव्हतं.

दिग्दर्शक मात्र बोलला. माझ्यासमोरच बोलला. "तुझ्या मनाच्या टोचणीसाठी तू माझा चित्रपट मारतेयस. तो माणूस स्वतःहून बोलला, ताई. त्याला बोलायचं होतं. आयुष्यात एकदा त्याचं कुणी ऐकलं."

"असेल," ताई म्हणाली.

"मग?"

"असेल म्हटलं ना. पण ते आपण ठरवायचं नाही."

तो उठून गेला. त्याने तिच्याशी बोलणं टाकलं, आणि धंद्यात त्याची बाजू ऐकणारे जास्त होते. मी त्यांना दोष देत नाही. चित्रपट खरंच चांगला होता.

मुलीच्या इच्छेप्रमाणे सगळं पुसायचं ठरलं. चित्रं दिग्दर्शकाच्या ताब्यात होती. ती त्याने पुसली असं त्याने लेखी कळवलं, त्यापलीकडे आम्हाला माहीत नाही. आवाज माझ्याकडे होता, चौदा तासांचा. मुलगी माझ्या खोलीवर आली. मी तिला विचारलं की हकिकत सोडून बाकीचं बरंच आहे, मशीन दुरुस्त करताना ते पुटपुटायचे, एकदा कुठलीशी चाल गुणगुणलेत. तेवढं ठेवायचं का? ती म्हणाली, "त्यातही तुम्ही सगळे तिथे बसलेले आहात ना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग नको." मी पुसलं. ती उभी राहून बघत होती. काम झाल्यावर तिने मान हलवली आणि गेली. ती शहर सोडून दुसरीकडे नोकरीला लागली असं पुढे ऐकलं.

ताईने पुन्हा काम धरायचा प्रयत्न केला. एका चित्रपटाला महिनाभर गेली. शाळेची जागा हवी होती, मुख्याध्यापक तयार नव्हते. ताई त्यांच्यासमोर बसली, त्यांनी नाही म्हटलं आणि ही उठली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं की माझ्या जागी दुसरं कुणी बघा. मला म्हणाली, "समोरच्याच्या घरात एखादा फोटो दिसतो, कोण असेल ते कळतं, काय विचारायचं ते जिभेवर येतं. आणि मग मला त्या जिभेची किळस येते."

आता ती एका डबिंगच्या स्टुडिओत वेळापत्रक सांभाळते. कुणाला किती वाजता बोलवायचं, कुठली खोली रिकामी आहे. तिथे कुणाला पटवावं लागत नाही; यायचं त्याने यायचं. नवीन मुलं तिला नुसतं मॅडम म्हणतात. मी कामासाठी गेलो की तिच्या टेबलाशी पाच मिनिटं बसतो. ती वजनाने निम्मी झालीय. अक्काची दृष्टी अधू झाल्यापासून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवते, तेवढा एक नेम आहे.

गेल्या महिन्यात तिथे विद्यापीठाच्या त्याच विभागातली एक विद्यार्थिनी आवाज द्यायला आली होती. तिला ताई कोण हे माहीत असायचं कारण नव्हतं. वाट बघता बघता ती मला सांगत होती की आम्हाला पहिल्याच सत्रात एक उदाहरण शिकवतात: नाव न घेता, एक निर्माती आणि एक बसचालक. त्यावर सगळ्यात चांगली चर्चा होते म्हणे. वर्गाचे दोन गट पडतात.

ताई शेजारीच वेळापत्रक भरत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आणि शेवटी काय ठरतं?"

"ठरत काही नाही," विद्यार्थिनी म्हणाली. "तास संपतो."

ताईने तिला आत जायला सांगितलं, दोन नंबरच्या खोलीत.